बिनकॅमेऱ्याचा मोबाइल

बटणांच्या मोबाइलला पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यात बरीच नावे आहेत. कोणी त्याला साधा मोबाइल म्हणतो, कोणी कीपॅड, कोणी बटणवाला, तर चेष्टेत त्याचा डबा होतो. दुकानात मात्र गिऱ्हाईक वेगळाच शब्द वापरते. ‘बिनकॅमेऱ्याचा आहे का?’ असे ते विचारते, आणि या भागातल्या साध्या मोबाइलचा अर्धा इतिहास त्या प्रश्नात आहे. स्मार्टफोन सोडून साध्या फोनकडे वळण्यामागे इतरत्र एकाग्रता, झोप, मुलांचा अभ्यास अशी कारणे सांगितली जातात. इथे ते वळण बहुतेकांना कारखान्याच्या गेटने घ्यायला लावले. कामगाराने कोणाशी, केव्हा आणि कशावरून बोलायचे हे ठरवण्याचा गेटचा अधिकार मोबाइलपेक्षा कितीतरी जुना आहे.

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या माळांवर भूखंडांचे खांब उभे राहिले. त्याच दशकात टेल्को, बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो इथे स्थिरावल्या. १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. टेलिफोनने मात्र हा वेग धरला नाही. आकुर्डीत तयार होणाऱ्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि टेलिफोनच्या जोडणीचेही तसेच होते. भोसरीतल्या लहान वर्कशॉपचा मालक कार्ड छापून घेताना नंबरापुढे ‘पी. पी.’ ही अक्षरे टाकून घेई. फोन शेजाऱ्याचा आहे, बोलावून देतील, असा त्याचा अर्थ.

कामगाराच्या घरी टेलिफोन असण्याचा प्रश्नच नव्हता. गावाकडे भिंतीवर किंवा पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात कंपनीचा नंबर लिहून ठेवलेला असे. गावाहून आलेला ट्रंक कॉल गेटवरच्या सुरक्षा केबिनमध्ये किंवा टाइम ऑफिसात वाजे. तिथून निरोपाची चिठ्ठी खात्यात जाई, खात्यातून सुपरवायझरच्या हातात, आणि त्याला वाटेल तेव्हा यंत्रावरच्या माणसाकडे. फार तातडीचे असेल तर तार येई. ‘आई सिरियस, लगेच निघ’ या मजकुराच्या तारांनी कारखान्यांच्या रजेच्या फायली भरलेल्या असत. सुगीच्या दिवसांत आणि लग्नसराईत आया जास्त आजारी पडतात, हे टाइम ऑफिसातल्या कारकुनांना पाठ होते. (देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोवर हे निमित्त मोबाइलवर आले होते.) कामाच्या वेळेत बाहेरचे जग कामगारापर्यंत पोचायचे ते गेटमधूनच, आणि गेटला ते अडवता येत असे.

गेटबाहेरची परिस्थिती १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पालटली. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था उभी राहिली. तिने बनवलेली छोटी ग्रामीण एक्स्चेंज वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालत. फोन खेड्यापर्यंत न्यायचा असेल तर तो आधी धुळीत टिकला पाहिजे, हे सूत्र या कथेत पुन्हा येणार आहे. पाठोपाठ पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले. रात्री उशिरा एसटीडीचा दर दिवसाच्या एक चतुर्थांश होई. दुसरी पाळी सुटण्याची वेळही साधारण तीच. त्यामुळे कारखान्यांच्या रस्त्यांवरचे बूथ मध्यरात्रीच्या सुमारास भरत आणि लातूर, बीड, बुलढाणा, जळगावकडच्या गावांत कोणाच्या तरी वाड्यात तेव्हा फोन वाजत. काचेच्या खोलीतले लाल आकडे धावू लागले की बोलणाऱ्याचा वेगही वाढे.

चाकण तेव्हा या पट्ट्यात नव्हतेच. संग्रामदुर्गाचे आणि कांद्याच्या बाजाराचे ते गाव खेड तालुक्यातले. टेलिफोनच्या हिशेबातही ते वेगळे होते. भोसरी पुण्याच्या एक्स्चेंजमध्ये मोडत असे आणि चाकणचा कोड ०२१३५ होता. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावाला फोन करायचा तर कोड फिरवावा लागे. उद्योग चाकणला सरकू लागले तेव्हा भोसरीतल्या पुरवठादारांना हा कोड रोज लागू लागला. मोबाइलमुळे ही सीमा पुसली गेली.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना तो केला. मुंबई वगळता उरलेल्या महाराष्ट्राचे परवाने बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल या कंपन्यांकडे गेले आणि १९९७च्या सुमारास या भागात सेवा सुरू झाली. मिनिटाला सोळा रुपयांहून अधिक दर होता आणि आलेला कॉल उचलला तरी पैसे पडत. हे यंत्र उद्योजकाचे होते. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातून केव्हा बोलावणे येईल याचा नेम नसलेला लघुउद्योजक ते कमरेला अडकवून फिरे. पण वापर मात्र पेजरसारखा करी. पडद्यावर नंबर पाहायचा, कॉल कापायचा आणि जवळच्या बूथवरून उलटा फोन लावायचा. पुढे देशभर पसरलेल्या मिस कॉलची मुळे या काटकसरीत आहेत.

मोबाइल कामगाराच्या खिशात आला तो २००२ आणि २००३ या दोन वर्षांत. १९९९च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरचा ठरावीक परवाना शुल्काचा बोजा काढून उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली होती. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा आली. डिसेंबरअखेर रिलायन्सने आपली सेवा जाहीर केली आणि २००३च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हँडसेट देण्याची योजना काढली. मे २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले. या सगळ्यात निर्णायक ठरला तो हा शेवटचा बदल. फोन घेणे आणि फोन करणे यांचा खर्च वेगळा झाला, म्हणजे एकदा हँडसेट घेतला की गावाकडचा माणूस खर्च करेल आणि इथला नुसता ऐकेल. प्रत्यक्षात दोघेही खर्च टाळू लागले, तो भाग वेगळा.

त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा मोबाइल बाजारात आला. जगभर या एका मॉडेलचे सुमारे पंचवीस कोटी नग खपले. त्याच्या बटणांवर एकसंध रबरी आवरण होते, त्यामुळे धूळ आत जात नसे. घामेजल्या हातातून तो निसटू नये म्हणून कडा खरबरीत ठेवल्या होत्या आणि डोक्यावर टॉर्च होता. विकसनशील देशांतले गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही रचना भोसरीच्या लेथवर आणि चाकणच्या मातीच्या रस्त्यावर सारखीच उपयोगी पडली. टॉर्चचे महत्त्व आज कळणार नाही. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची होती आणि कारखान्यांभोवतीच्या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांत संध्याकाळचे कित्येक तास अंधार असे. विजेच्या टंचाईचा या भागावर एक कायमचा ठसा आहे: पिंपरी, चिंचवड, भोसरीत कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, कारण मागणीचा भार वारांत विभागण्यासाठी वेगवेगळ्या औद्योगिक क्षेत्रांना वेगवेगळे वार नेमून दिलेले होते. अशा ठिकाणी एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस चालणारा फोन ही चैन नव्हती.

त्या फोनची बीएल-५सी ही बॅटरी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली, आणि तीही संकटामुळे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जगभरातल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांविषयी सूचना काढली. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिताने बनवलेल्या या बॅटऱ्या चार्ज होताना तापण्याची शक्यता होती. मग काही दिवस जो तो फोन उघडून बॅटरीवरचा क्रमांक वाचत होता. फोन उघडता येत होता, बॅटरी काढता येत होती, आकडा वाचता येत होता, हे आता सांगावे लागते.

बटणे आणि कारखाना यांचे जुळले त्याला भौतिक कारणही आहे. आजच्या टचस्क्रीनमधल्या काचेखाली विद्युतभाराचे एक जाळे असते. बोट टेकले की त्वचेमुळे त्या जागचा भार बदलतो आणि फोनला स्पर्श कळतो. सुती किंवा रबरी हातमोजा मध्ये आला की हा बदल पोचत नाही. बोटावर कूलंटचा ओलावा असेल तर फोनला भलत्याच जागी स्पर्श जाणवतो. यंत्रकामातला धातूचा बारीक बर काचेवर घासला की ओरखडे पडतात. बटणाला यातले काही लागत नाही. दाबले की आतले दोन संपर्क जुळतात, एवढेच त्याचे काम, आणि ते अंगठ्याला न बघता जमते. स्मार्टफोन स्वस्त झाल्यावरही मशीनशॉपमधल्या कित्येकांनी जुना हँडसेट टाकला नाही, त्यात सवयीइतकाच तेलाचा भाग होता.

दरम्यान उद्योगाचे वजन चाकणकडे झुकले. बजाज ऑटोचा कारखाना तिथे नव्वदच्या दशकाअखेरीस आला आणि सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबले. ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र त्याच सुमारास आले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत शेतांच्या बांधावर पत्र्याच्या आणि विटांच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली मुले एका खोलीत चार-पाच जणांनी राहू लागली. खोलीला पत्ता नव्हता, रेशनकार्ड गावी होते. ठेकेदाराला, मेसवाल्याला आणि घरच्यांना त्यांचा एकमेव कायमचा पत्ता म्हणजे मोबाइल नंबर.

या वस्तीने मिस कॉलची स्वतःची भाषा तयार केली. एक रिंग म्हणजे कंपनीची बस वळणावर आली, खाली ये. दोन रिंगा म्हणजे पोचलो. रात्री ठरलेल्या वेळी वाजून थांबलेला फोन म्हणजे गावाकडे सगळे ठीक. संकेत खोलीगणिक बदलत. कंपन्यांच्या नेटवर्कवर हा सगळा व्यवहार फुकट चाले. त्याला आधार होता ‘लाइफटाइम’ योजनांचा: २००५च्या अखेरीस ९९९ रुपये एकदा भरून येणारे कॉल कायम चालू ठेवण्याच्या योजना निघाल्या होत्या. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलने देशभरात कुठेही एक रुपया मिनिट हा दर आणला. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा आकारायला सुरुवात केली. तोवर एक्कावन्न सेकंदांच्या बोलण्याला पूर्ण मिनिटाचे पैसे पडत. आता निरोप सांगून लगेच फोन ठेवणाऱ्याचा फायदा होऊ लागला. याच वर्षाअखेर आयएमईआय हा ओळखक्रमांक नसलेल्या हँडसेटचे कॉल सरकारच्या आदेशाने बंद झाले. मोठ्या आवाजाचे, दोन सिमकार्डांचे स्वस्त चिनी फोन त्यात सापडले आणि खोल्या-खोल्यांतून पुन्हा नोकिया, सॅमसंग गुरू असले फोन दिसू लागले. मोबाइलची निर्मितीही तोवर जवळ आली होती. चाकण-शिक्रापूर रस्त्याने पुढे गेले की लागणाऱ्या रांजणगावात एलजीने २००५च्या सुमारास जीएसएम हँडसेट बनवायला घेतले होते.

इथवरची कथा थोड्याफार फरकाने कोणत्याही औद्योगिक वसाहतीला लागू पडेल. पुढची मात्र वाहनउद्योगाची आहे.

नवे वाहन बाजारात येण्याआधी वर्ष-दोन वर्षे रस्त्यावर चाचणीसाठी फिरते. पुणे, पिंपरी, चाकण, तळेगाव या रस्त्यांवर काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कागदात गुंडाळलेल्या गाड्या आणि मोटारसायकली हे नेहमीचे दृश्य आहे. त्या नक्षीने डोळा फसतो, वळणे आणि कडा नेमक्या कळत नाहीत. वाहनविषयक मासिकांना अशा गाड्यांच्या चोरट्या छायाचित्रांची भूक असते आणि त्यांतली पुष्कळ छायाचित्रे याच भागातल्या रस्त्यांवरची असतात. रस्त्यावर नक्षीखाली लपवलेली गाडी असेंब्ली लाइनवर मात्र उघडी असते. शिवाय जिग, फिक्स्चर, डाय, रोबोची मांडणी, पुरवठादारांच्या नावांचे खोके, यांतले काहीही एका फोटोत बाहेर जाऊ शकते. फोनला कॅमेरा फुटला आणि गेटवरच्या पहारेकऱ्याच्या कामात एक नवे कलम वाढले.

सुरुवातीला कॅमेऱ्याचा फोन साहेबांकडेच असे, त्यामुळे नियमही ढिला होता. २००५ नंतर तो स्वस्त होत गेला तसे नियम कडक झाले. त्यांचे तीन प्रकार रुळले. पहिल्यात फोन गेटवर जमा करायचा, खणांच्या कपाटात ठेवायचा आणि बिल्ला घ्यायचा. दुसऱ्यात कॅमेऱ्याच्या भिंगावर चिकटपट्टी लावून द्यायची. बाहेर पडताना ती फाटलेली दिसली की चौकशी. तिसऱ्यात बिनकॅमेऱ्याचा फोन आत चालेल, बाकीचा नाही. ही वागणूक सर्वांना सारखी नसे. अनेक ठिकाणी कार्यालयातल्या माणसाला चिकटपट्टी मिळते, कायम कामगाराला लॉकर आणि ठेकेदाराकडच्या मुलाला नुसते गेट. एकाच कारखान्यात कोणाकडे कोणता फोन आहे यावरून त्याचा दर्जा ओळखता येतो. बोटातल्या अंगठीपेक्षा हा पुरावा अधिक भरवशाचा आहे.

दारूगोळ्याच्या कारखान्यांत मामला आणखी सरळ. देहूरोडला आयुध कारखाना आहे, खडकीत त्याहून जुने आहेत. स्फोटके हाताळली जातात तिथे रेडिओलहरी सोडणारे आणि ठिणगी पडू शकणारे कोणतेही उपकरण नेता येत नाही, मग त्याला कॅमेरा असो वा नसो. वाहन कारखान्यांतही गोपनीयतेच्या जोडीला सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते आणि ते खोटे नाही. पॉवर प्रेससमोर उभ्या असलेल्या माणसाची नजर दोन सेकंद पडद्यावर गेली तर त्याची किंमत बोटांत मोजावी लागते. जेवणाच्या सुट्टीतही फोन हातात येऊ न देण्याला मात्र हे कारण पुरत नाही.

फोन रोज कपाटात ठेवायचा तर तो महागाचा कशाला, या हिशेबातून दोन फोनांची पद्धत आली. स्मार्टफोन खोलीवर, उशीखाली किंवा गावी बायकोकडे. कामावर नेण्यासाठी साधा. २०१३ मध्ये आलेला नोकिया १०५ हा या कामाला अगदी नेमका बसला, कारण त्याला कॅमेरा नव्हता. सॅमसंगच्या गुरू मालिकेतली काही मॉडेलेही तशीच. स्मार्टफोनच्या काळातही असे हँडसेट कंपन्या बनवत राहिल्या. नोकियाची स्वतःची श्रीपेरंबुदूरची फॅक्टरी नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडली, पण तिच्या नावाचे साधे फोन दुसऱ्यांनी काढले.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. खोलीतल्या चार जणांपैकी चौघांकडे स्मार्टफोन आला. जुलै २०१७ मध्ये जिओफोन जाहीर झाला. १५०० रुपये अनामत घेऊन दिलेला हा बटणांचा फोन इंटरनेट चालवत होता, आणि पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सॲपही आले. गरिबाचा स्मार्टफोन म्हणून त्याचे कौतुक झाले. गेटवर मात्र तो अडकला. त्याला पुढे-मागे दोन्हीकडे कॅमेरा होता. दिसायला साधा आणि नियमाने स्मार्ट अशी त्याची गत झाली. २०१७ मध्येच मोठा गाजावाजा करून परत आणलेल्या नोकिया ३३१० ची अवस्था हीच: जुन्या आठवणींसाठी घेणाऱ्याला तो आवडला, पण पाठीवर २ मेगापिक्सेलचा डोळा होता. साधा आणि स्मार्ट यांतली सीमा जाहिरातदार इंटरनेटवर आखतात, हा पट्टा ती भिंगावर आखतो.

आणखी एक अडचण नेटवर्कची. जिओचे जाळे ४जीपासून सुरू होते, त्यावर जुना २जी हँडसेट चालतच नाही. म्हणून साध्या फोनात एअरटेल, व्होडाफोन आयडिया किंवा बीएसएनएलचे सिम लागते. एअरटेलने २०२० मध्ये आपले ३जी बंद केले आणि त्याहून जुने २जी चालू ठेवले. मधली पिढी मेली आणि आजी जगली, असा हा विचित्र प्रकार साध्या फोनवाल्या गिऱ्हाईकांमुळे घडला.

ही गिऱ्हाइके कंपन्यांना परवडत नव्हती. २०१८च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचे रिचार्ज सक्तीचे केले. नाही केले तर आधी जाणारे आणि मग येणारे कॉल बंद. ‘लाइफटाइम’ हा शब्द तेरा वर्षांत निकालात निघाला, आणि त्याच्याबरोबर मिस कॉलचे फुकट राज्यही. जुलै २०२४ मध्ये एअरटेलचा महिन्याचा किमान पॅक १९९ रुपयांवर गेला. त्यात डेटा होता, तो ज्याच्या फोनला इंटरनेटच नाही त्यालाही घ्यावा लागे. दोन फोन बाळगणाऱ्याच्या खिशाला दोन सिमे जड झाली. काहींनी साधा फोन सोडला, काहींनी एकच सिम सकाळी साध्यात आणि रात्री स्मार्टमध्ये घालण्याचा उद्योग मांडला. सिम काढायची पिन हरवली की कानातल्याची तार चालते.

साध्या फोनवाल्याला पहिल्यांदा अपराधी वाटायला लावले ते २०२०च्या टाळेबंदीने. १ मे २०२० च्या केंद्राच्या आदेशाने सगळ्या कर्मचाऱ्यांच्या फोनमध्ये आरोग्य सेतू ॲप असणे बंधनकारक झाले. दोन आठवड्यांत ती भाषा सौम्य करण्यात आली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांच्यासाठी १९२१ या क्रमांकावर मिस कॉल देण्याची सोय निघाली. तरी गावी परतण्यासाठी अर्ज भरणे, पास मिळवणे, कारखाना पुन्हा कधी उघडणार याचा निरोप, आणि जूनपासून मुलांची शाळा, हे सगळे एकाच काचेतून येऊ लागले. टाळेबंदीनंतर ठेकेदारांच्या कामाचे निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर स्थिरावले. उद्या कोणत्या लाइनला कोण, ओव्हरटाइम आहे का, बस किती वाजता, हे रात्री ग्रुपवर पडते. गेट फोन आत येऊ देत नाही, आणि गेटवर केव्हा यायचे हे स्मार्टफोनशिवाय कळत नाही. या दोन टोकांमध्ये आजचा कामगार उभा आहे.

ठरवून स्मार्टफोन दूर ठेवण्याचे प्रयोगही महाराष्ट्रात झाले, पण ते गावांनी केले. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव या गावी १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे, असे ग्रामसभेने ठरवले. टाळेबंदीत हातात आलेला फोन मुलांच्या हातातून सुटेना, हे त्यामागचे कारण. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. वडगावचा भोंगा लक्षात राहण्यासारखा आहे. भोंग्यावर दिवस बांधण्याची रीत गिरण्या-कारखान्यांची. शेतकरी गावाने ती फोन बंद करण्यासाठी उसनी घेतली.

युरोप-अमेरिकेत हीच गोष्ट व्यक्तीने केली. स्वित्झर्लंडच्या पुंक्ट कंपनीने २०१५ मध्ये आणि अमेरिकेतल्या लाइट फोनने २०१७ मध्ये मुद्दाम काही न करू शकणारे फोन विकायला काढले. त्यांची किंमत बऱ्यापैकी स्मार्टफोनइतकी होती. कमी देण्याबद्दल जास्त पैसे मोजणारा तो ग्राहक आणि बिनकॅमेऱ्याचा हँडसेट मागणारा चाकणचा तरुण यांच्या हातात शेवटी सारखेच यंत्र येते. एकाने लक्ष विचलित होऊ नये म्हणून ते घेतलेले असते. दुसऱ्याचे लक्ष विचलित होऊ नये अशी इच्छा त्याच्या मालकाची असते. तरी गेटच्या सक्तीने घेतलेल्या साध्या फोनची गोडी लागलेले लोक इथेही आहेत. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला न वाजणाऱ्या ग्रुपची किंमत कळते. तसेच पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले परीक्षा होईपर्यंत स्मार्टफोन घरी पाठवून देतात. पुण्यात ही रीत जुनी आहे आणि या पट्ट्यातल्या अभ्यासिकांतही ती पोचली.

सरकारी यंत्रणेने साध्या फोनला मधूनमधून हात दिला आहे. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे ही सोय सुरू केली, तिच्यात फोन लावून, आकडे दाबून पैसे पाठवता येतात. व्यवहाराची मर्यादा नंतर पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाली. मेसवाल्याच्या भिंतीवरचा क्यूआर कोड वाचायला मात्र भिंग लागतेच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे बंधनकारक केले. त्या वेळी देशात सुमारे १५ कोटी लोक साधे फोन वापरत असल्याचे ट्रायने नमूद केले होते. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले, ८४ दिवसांचे आणि वर्षाचे. कामावर नेण्याच्या फोनात डेटाचे पैसे भरण्याची सक्ती त्यामुळे संपली, पण एकदम तीन महिन्यांचे पैसे भरणे आले.

भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीत तर दोन्ही काळ एकाच खात्यात नांदतात. खात्यात किती जमा झाले हे पाहायला आजही नोंदवलेल्या नंबरावरून एक मिस कॉल पुरतो. दोन रिंगा होऊन फोन आपोआप कापला जातो आणि एसएमएसवर आकडा येतो. खोल्यांतली जुनी भाषा सरकारने जशीच्या तशी उचलली आहे. नव्या कामगाराला खाते उघडायचे असेल तर मात्र १ ऑगस्ट २०२५ पासून नियम वेगळा आहे. त्याचा यूएएन, म्हणजे निधीच्या खात्याचा क्रमांक, सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो. कामावर रुजू होण्यासाठी आलेल्या मुलाने कॅमेऱ्याचा फोन समोर धरायचा, चेहरा जुळला की क्रमांक घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून तो फोन खोलीवर ठेवून यायचे.